स्तनलघूकरणानंतरचा अपेक्षाभंग

अतिभारी स्तनांमुळे मान, खांदे व पाठ सतत दुखणे, अंतर्वस्त्राच्या पट्ट्यांनी खांद्यांवर खाचा पडणे, स्तनांखालील घडीत त्वचा वरचेवर चिघळणे, या त्रासांवर स्तनलघूकरणाची शस्त्रक्रिया हा एक परिणामकारक उपाय होय. ती करून घेतलेल्या बहुसंख्य स्त्रिया समाधान व्यक्त करतात. तथापि ज्या थोड्या स्त्रियांच्या वाट्याला निराशा येते, त्यांची अवस्था विशेष कठीण असते. ‘दुखणे गेले ना, मग आणखी काय हवे?’ असे घरची माणसे विचारतात. आणि शस्त्रक्रिया आपणच मागून घेतलेली असल्याने तक्रार करणे कृतघ्नपणाचे होईल, असे त्या स्त्रीलाही वाटू लागते. या निराशेचे स्वरूप काय व तिला तोंड कसे द्यावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, वेदनेपासून सुटका आणि रूपाविषयीचे समाधान या दोन भिन्न गोष्टी आहेत. आंद्रेआ प्युसिक, अ‍ॅन क्लासेन व त्यांचे सहकारी यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘ब्रेस्ट-क्यू’ या प्रश्नावलीत स्तनांविषयीचे समाधान आणि शारीरिक, मनोसामाजिक व लैंगिक स्वास्थ्य यांचे मापन वेगवेगळे केले जाते, व उत्तरे स्वतः रुग्ण स्त्रीच देते. ‘पाठ बरी झाली, पण आरशात पाहवत नाही’ या विधानात म्हणूनच कोणताही विरोध नाही.

निराशेच्या कारणांचे तीन वर्ग कल्पिता येतात. पहिला, काळाने निवळणाऱ्या गोष्टींचा. आरंभी सूज असते. स्तन ताठ व उंच दिसतात आणि काही महिन्यांनी त्यांना स्थिर आकार येतो. रॉबर्ट वाइज यांनी १९५६ मध्ये मांडलेल्या आराखड्यानुसार केलेल्या शस्त्रक्रियेत स्तनाग्राच्या वलयाभोवती, तेथून खाली व स्तनाखालील घडीत असे वण राहतात. ते प्रथम लाल व कठीण असतात. फिके पडण्यास वर्ष-दीड वर्ष लागू शकते. तोपर्यंत अंतिम निर्णय देण्याची घाई करू नये. मात्र ताप, वाढती लाली, पू किंवा जखम उसवणे यांबाबत वाट पाहणे योग्य नव्हे; तत्काळ शल्यचिकित्सकाकडे जावे.

दुसरा वर्ग दुरुस्त होण्याजोग्या दोषांचा. दोन्ही बाजूंतील लक्षणीय असमानता, वणाच्या टोकाशी उरलेला त्वचेचा फुगवटा, जाड झालेला वण यांवर उपचार करता येतात. पुन्हा शस्त्रक्रिया करावयाची झाल्यास सामान्यतः सहा महिने ते एक वर्ष थांबतात. भेटीस जाताना ‘चांगले झाले नाही’ एवढेच न सांगता नेमके काय खटकते ते लिहून न्यावे, पूर्वीची छायाचित्रे व शस्त्रक्रियेची नोंद मागावी. समाधान न झाल्यास दुसऱ्या शल्यचिकित्सकाचे मत घ्यावे. तसे करणे हा अविश्वास नव्हे.

तिसरा वर्ग सर्वांत अवघड. स्तनाग्राची कायमची गेलेली संवेदना, कमी झालेली स्तनपानाची क्षमता, अपेक्षेहून अधिक काढलेला भाग यांची भरपाई पूर्णपणे होत नाही. येथे ‘सवय होईल’ हा उपदेश निरुपयोगी ठरतो. ही खरी हानी आहे व तिचे दुःख होणे स्वाभाविक आहे, हे मान्य करणे ही सावरण्याची पहिली पायरी होय. पॉल शिल्डर यांनी १९३५ च्या आपल्या ग्रंथात देहप्रतिमेचे जे विवेचन केले, त्यातून असे दिसते की, आपल्या शरीराचे मनातील चित्र म्हणजे केवळ आरशातील प्रतिबिंब नव्हे. भावना व इतरांशी असलेले संबंध यांचाही त्यात वाटा असतो. शरीर एका दिवसात बदलले, तरी हे चित्र हळूहळूच बदलते. परंतु झोप उडणे, लोकांत जाणे टाळणे, दिवसभर तोच विचार घोळणे असे आठवडेच्या आठवडे चालल्यास मानसोपचारतज्ज्ञाचे साहाय्य घ्यावे.

आपली निराशा कोणत्या वर्गातील आहे हे ओळखता आले, म्हणजे कोठे थांबावे, काय मागावे आणि कशाचा शोक करावा हे ठरविणे पुष्कळ सुकर होते. आप्तांनीही उत्तर देण्यापूर्वी तिचे म्हणणे पूर्ण ऐकून घ्यावे.