मास्तरकीचा पगार आणि मेक्सिकोतला संसार

आमचा वाडा महालात, बडकस चौकापासून हाकेच्या अंतरावर. अशा वाड्यात कोणाच्या घरी काय शिजतंय ते वासावरून कळतं आणि कोणाच्या घरी काय बिनसलंय ते पावलांवरून. त्या संध्याकाळी मी पोळ्या लाटत होते. जिन्यावरून उतरणारी पावलं आज धड नाहीत हे मला लाटणं हातात असतानाच कळलं.

वरच्या मजल्यावरची सूनबाई होती. एम. ए., बी. एड., इंग्रजी शिकवण्यात हुशार. नवऱ्याची नोकरी दिवाळीनंतर गेली, कंपनीच बंद झाली. पदरात सहा वर्षांचा मुलगा. तिने मोबाईल माझ्यापुढे धरला. "ताई, हे पत्र वाचा ना. घरी अजून कोणाला नीट सांगितलं नाही."

पत्र मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरातल्या एका खाजगी भाषाशाळेचं होतं. मुलाखत झाली होती, तिला इंग्रजी शिकवायला बोलावलं होतं. म्हणजे तिघांचा संसार परमुलखात, आणि तोही तिच्या एकटीच्या पगारावर!

सासूबाईंना, म्हणजे आमच्या काकूंना, कुणकुण लागलीच. "एवढ्या लांब जाऊन मास्तरकीच करायची, तर इथे काय शाळा कमी आहेत काय बाप्पा? मास्तरणीच्या पगारावर कोणाचं घर चाललंय?"

काकूंचं ते वाक्य मला जरा लागलं. मीही शाळेत तासांवर इंग्रजी शिकवते. पण रागावून काय होणार? मैत्रिणींनो, पैशाच्या प्रश्नाला पैशानेच उत्तर द्यावं लागतं. मी कणकेचे हात धुतले, हिशेबाची वही काढली आणि आम्ही दोघी बसलो.

आपल्याकडचे एक मास्तर

आधी एक सांगते. नागपूरकडच्या माणसाने मेक्सिकोत मास्तरकी करणं ही काही नवलाची गोष्ट नाही. वर्ध्यात जन्मलेले डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे गदर चळवळीतले क्रांतिकारक. इंग्रज सरकारने मायदेशाची दारं बंद केली. अमेरिकेत ते शेतीशास्त्र शिकलेले होते, तीच विद्या कामी आली. 1924 साली ते मेक्सिकोत पोचले आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयात शिकवू लागले. तेव्हा वय चाळिशीला टेकलेलं, आणि शिकवायचं स्पॅनिश भाषेत! त्यांनी मक्याच्या जातींवर संशोधन केलं आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा चालवल्या. जगप्रसिद्ध चित्रकार दिएगो रिव्हेराने आपल्या भित्तिचित्रात त्यांना रंगवलं. 1936 साली त्यांनी जान या बेल्जियन बाईंशी लग्न केलं. सावित्री आणि माया या दोघी मुली मेक्सिकोतच वाढल्या. 1955 साली खानखोजे कायमचे भारतात परतले आणि 1967 साली नागपुरातच वारले. 2022 साली चापिंगोत त्यांचा पुतळा उभा राहिला. वीणा गवाणकरांनी त्यांचं चरित्र लिहिलं आहे, जरूर वाचा.

हे ऐकून सूनबाईचे डोळे चमकले. पण मी म्हटलं, "थांब. पुतळा मागाहून होतो, घरभाडं आधी द्यावं लागतं."

पहिला प्रश्न : नोकरी की मानधन?

पत्रात पगाराचा आकडा तासावर होता. इथेच आपण बायका फसतो. आकडा बघतो, त्याच्या आगचं-मागचं बघत नाही.

मेक्सिकोत दोन तऱ्हांनी शिक्षक ठेवतात. एक, रीतसर नोकरीवर. म्हणजे सामाजिक विमा लागू होतो, त्यात नवऱ्याची आणि मुलाचीही दवाखान्याची सोय येते. वर्षाला 20 डिसेंबरच्या आत 'आगिनाल्दो' म्हणजे सणाचा बोनस मिळतो. तो कायद्याने निदान पंधरा दिवसांच्या पगाराइतका द्यावाच लागतो. 2023 सालापासून वर्षभराच्या नोकरीनंतर निदान बारा दिवसांची भरपगारी रजाही मिळते.

दुसरी तऱ्हा 'ओनोरारियोस', आपल्या भाषेत मानधन. यात विमा नाही, बोनस नाही, रजा नाही. जितके तास शिकवाल तितके पैसे. नाताळात आणि ईस्टरच्या आठवड्यात वर्ग बंद, म्हणजे मिळकतही बंद. एका कचेरीतला वर्ग संपवून दुसऱ्या कचेरीत धावत जायचं, त्या वाटेचे पैसे नाहीत. वह्या तपासायचे तर नाहीतच नाहीत.

आमच्याकडे तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या बाईंना हे समजावून सांगायची गरज नाही. उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे काय, ते आमच्या डाळीच्या डब्याला विचारा!

सूनबाईच्या पत्रात नेमका मानधनाचाच शब्द होता. तिने तो वाचला होता, पण त्याचा अर्थ तिला कळला नव्हता.

वहीतला हिशेब

तरीसुद्धा म्हटलं, मांडून तर बघू. तासाला 150 पेसो आणि आठवड्याला पंचवीस तास धरले. आठवड्याचे 3,750 झाले, चार आठवड्यांचे 15,000 पेसो. कराची कपात जाऊन हाती साडेतेरा हजार धरले. 2025 साली पेसो साधारण चार ते पाच रुपयांच्या दरम्यान होता, म्हणून आम्ही साडेचार धरला. म्हणजे साठ हजार रुपये! ऐकायला किती छान वाटतं. त्याच वर्षी तिथली किमान रोजमजुरी 278 पेसो 80 सेंटाव्हो होती, म्हणजे हा पगार काही अगदीच वाईट नाही. पण रुपयात मिळवून पेसोत खर्च करायचा नसतो, बायांनो! पेसोत मिळवायचं आणि पेसोतच खर्चायचं.

घरभाड्याच्या जाहिराती बघून आणि तिच्या तिथल्या ओळखीच्या एका बाईला विचारून आम्ही तिघांचा खर्च असा मांडला :

घरभाडे (गावाबाहेरच्या बाजूला दोन खोल्या) : 7,000
गॅस, वीज, पाणी, फोन : 1,200
किराणा, भाजी, दूध : 3,500
बसभाडे : 600
मुलाची शाळा आणि किरकोळ : 500
एकूण : 12,800 पेसो

शिल्लक 700! एकदा दाढ दुखली की संपलं. आणि नाताळच्या सुट्टीत मानधन थांबलं, तर भाडं कुठून द्यायचं?

मग मी पुढच्या पानावर एकटीचा हिशेब मांडला. सामायिक घरातली एक खोली 3,500, खाणं 2,000, गॅस-फोन वगैरे 500, बस 600. एकूण 6,600. शिल्लक 6,900 पेसो, म्हणजे तीस हजार रुपयांच्या आसपास. वहीकडे बघत सूनबाई गप्प बसली. तिला जे दिसलं तेच मलाही दिसलं होतं. पैसा उरायचा असेल, तर निदान सुरुवातीला मुलाला इथे ठेवून जावं लागेल. हे वहीत एका ओळीत लिहिता येतं. आईला मात्र ते एका रात्रीत पचत नाही.

निघण्याआधीचा खर्च

हाही खर्च विसरू नका. प्रवासी म्हणून जाऊन तिथे नोकरी करता येत नाही. शाळा तिथल्या सरकारदरबारी मालक म्हणून नोंदलेली हवी, तिने परवानगीचा अर्ज करायचा, तो मंजूर झाला की दिल्लीच्या वकिलातीत व्हिसा, आणि तिथे पोचल्यावर तीस दिवसांच्या आत रहिवासाचे कार्ड काढायला अर्ज. "आधी या, कागद मग बघू" असं कोणी म्हटलं, तर तिथेच हात जोडावेत. पदवीच्या कागदांवर परराष्ट्र खात्याचा अपोस्टील शिक्का लागतो. भारत 2005 सालापासून त्या करारात आहे, त्यामुळे हे काम आता पूर्वीइतकं किचकट राहिलेलं नाही.

घर घेताना एक महिन्याचं भाडं अनामत द्यावं लागतं, आणि पुष्कळ मालक 'फियादोर' मागतात, म्हणजे त्याच शहरात घर असलेला जामीनदार. परक्या माणसाने तो कुठून आणायचा? म्हणून पहिले काही महिने सामायिक खोली बरी. शिवाय काही शाळांना जन्मापासून इंग्रजी बोलणारा गोराच मास्तर हवा असतो. आपली बी. एड. आणि आपली वर्षांची शिकवणी त्यांना दिसत नाही. त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही, पण पगार ठरवताना मान खालीही घालायची नाही. एकंदर, विमानभाड्याशिवाय दोन महिन्यांचा खर्च गाठीशी बांधूनच उंबरठा ओलांडावा.

तिथलं स्वयंपाकघर

आता जरा गोड बोलू. आपल्यासारख्या हाताला मेक्सिकोत उपाशी राहायची वेळ यायची नाही. मिरची, टोमॅटो, मका, पेरू, सीताफळ हे सगळं आपल्याकडे त्याच बाजूच्या मुलखातून आलेलं! नागपूरकर ज्याला सांबार म्हणतात ती कोथिंबीर तिथे जागोजाग मिळते. लिंबू तर त्यांना पानात हवंच. काळा घेवडा आणि मक्याची पोळी म्हणजे 'तोर्तिया', हे तिथलं वरण-भाकर. डाळ आणि धान्य जोडीने खाल्लं की एकाचं उणं दुसरं भरून काढतं, हे त्यांनाही पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

मका ते चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर ठेवतात, चोळून टरफल काढतात आणि मग वाटतात. त्याने पीठ चिकट होऊन पोळी तुटत नाही आणि मक्यातलं एक जीवनसत्त्व अंगी लागतं. युरोपातल्या लोकांनी मका नेला पण चुना मागेच ठेवला, आणि नुसत्या मक्यावर जगणाऱ्या तिथल्या गरिबांना पेलाग्रा नावाचा रोग जडला. आजीबाईच्या रीतीला नावं ठेवण्याआधी दोनदा विचार करावा तो असा!

ही तोर्तिया दुकानात किलोवर मिळते. आठवड्यातून एकदा रस्त्यावर भरणाऱ्या बाजाराला 'तियांगीस' म्हणतात. आपल्या महालातल्या बुधवार बाजारासारखं, संध्याकाळी उशिरा गेलं की भाव उतरतात. लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत तिथे घरोघरी करतात. प्यायचं पाणी मात्र वीस लिटरच्या बाटलीतून विकत घ्यावं लागतं, ते हिशेबात धरावं. प्राथमिक शाळेतली पुस्तकं मुलांना सरकारकडून फुकट मिळतात, 1959 सालापासूनची ही रीत आहे.

आणखी एक गोष्ट वाचून मला हसूच आलं. पगार तिथे पंधरवड्याला होतो, 15 तारखेला आणि महिनाअखेरीस. महिन्यातून दोनदा डबे भरायचे! आणि बायका मिळून 'तांदा' लावतात. दहा जणींनी दर पंधरवड्याला ठरलेली रक्कम काढायची आणि पाळीपाळीने एकीने सगळी उचलायची. अगं, ही तर आपली भिशी! नवख्या गावात ओळख व्हायला आणि जामीनदार मिळायलासुद्धा अशीच मंडळी उपयोगी पडतात. मात्र पैसे द्यायचे ते ओळख पक्की झाल्यावरच, हा नियम महालात आणि मेक्सिकोत एकच.

मग काय ठरलं?

त्या रात्री आम्ही शाळेला चार प्रश्न लिहून पाठवले. करार नोकरीचा की मानधनाचा? आठवड्याला किती तास नक्की? सुट्टीचे पैसे मिळतील का? परवान्याचा अर्ज कोण करणार? सूनबाईला धाकधूक होती. "इतकं विचारलं तर बोलावणंच रद्द करतील, ताई." मी म्हटलं, "रद्द केलं, तर विमानभाडं वाचलं समज."

आठ दिवस उत्तर नाही. नवव्या दिवशी आलं. नोकरीचा करार द्यायला शाळा तयार होती, बावीस तासांची हमी आणि विम्यासकट. तासांचा भाव मात्र थोडा उतरवला होता. आम्ही पुन्हा वही उघडली. एकटीचं भागत होतं, घरी पाठवायलाही उरत होतं. तिघांचं भागत नव्हतं.

तेव्हा त्यांच्या घरी बैठक झाली. नवरा म्हणाला, "सहा महिने मी बघतो मुलाचं. नोकरी शोधणं काय, घरून करतोच आहे." काकू बराच वेळ बोलल्या नाहीत. मग त्यांनी माझी वही मागितली, चष्मा लावून दोन्ही पानं वाचली आणि म्हणाल्या, "पोट्टं मला डोईजड नाही. पण तू तिकडे काटकसर म्हणून उपाशी राहू नको. खाण्याचे दोन हजार लिहिलेत ना, ते अडीच कर."

मी ते अडीच केले.

ती जाईल, सहा महिन्यांनी पुन्हा वही उघडायची आणि मग पुढचं ठरवायचं. पत्रांचा ढीग न वाचता, नुसता आकडा बघून ती गेली असती, तर? किंवा नुसतं काकूंचं पहिलं वाक्य ऐकून राहिली असती, तर? दोन्ही वाटांनी नुकसानच होतं.

जाता जाता माझ्या घरची गोष्ट. त्याच वहीत मी दर महिन्याला यांचा पगार 'जमा' म्हणून सगळ्यात वर लिहीत आले. माझे तासांचे पैसे मात्र खाली, 'किरकोळ' या सदरात, रद्दीच्या पैशांशेजारी. कोणी सांगितलं नव्हतं, मीच लिहीत होते. या महिन्यात मी पान आखलं आणि दुसरीच ओळ लिहिली : जमा, शाळेचा पगार. रक्कम लहानच आहे. पण गेल्या चार वर्षांत मुलांच्या शाळेची फी त्यातूनच गेली, हे मला वही चाळल्यावर कळलं.

मैत्रिणींनो, तुमच्या वहीत तुमची ओळ कुठे आहे, एकदा बघा.