घरचा नोड बाहेरून अगम्य का होतो?

लिनक्सच्या प्रती टॉरंटद्वारे इतरांस पुरविणारा माझा घरचा संगणक, इंटरनेट सुरळीत असताना व राउटरमध्ये पोर्ट रीतसर उघडलेले असतानाही, बाहेरची एकही जोडणी स्वीकारीनासा झाला, तेव्हा मी प्रथम राउटरच्या स्टेटस पानावरील 'वॅन' पत्ता पाहिला. आरंभीचे आकडे होते १००.७२.

निदान तेथेच झाले, कारण १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हा पट्टा २०१२ साली सेवादात्यांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवला गेला असून, त्यातील पत्ते लाभलेल्या अनेक ग्राहकांत एकच सार्वजनिक पत्ता वाटला जातो. वाड्याच्या देवडीवर टपाल यावे, परंतु ते आतल्या कोणत्या बिऱ्हाडाचे हे देवडीवाल्यास उमगू नये, तशी ही अवस्था. हिला सीजीनॅट म्हणतात, आणि तीत घरच्या राउटरवर पोर्ट उघडण्याचा सारा खटाटोप व्यर्थ ठरतो.

यावर उपाय दोन: सेवादात्याकडे अर्ज करून सार्वजनिक पत्ता मागावा, अथवा आयपीव्ही६ चालू करून राउटरच्या फायरवॉलमध्ये त्या पोर्टास मुभा द्यावी. मला दुसरा मार्ग अधिक पसंत आहे, जरी त्याने केवळ आयपीव्ही६ असलेलेच सहभागी आपणापर्यंत पोहोचतात.

वॅन पत्ता सार्वजनिकच असेल, तर संगणकाचा घरातील पत्ता बदलला आहे काय, ते तपासून तो राउटरमध्ये कायम करावा.

शंका अवश्य विचाराव्यात; पत्त्याचे पहिले दोनच आकडे कळवावेत, संपूर्ण पत्ता जाहीर करू नये.