धारणीचा पाऊस, सयपाकघराचे धुराडे आणि टिनकामाचा धंदा

मृग लागला की मेळघाटात टिनकाम करणाऱ्या कारागिराकडे एक तक्रार हमखास येते : धूर जायला ठेवलेल्या नळीतून पाणी थेट चुलीवर गळते. धारणी, हरिसाल, सेमाडोह हा डोंगराचा मुलूख. वऱ्हाडच्या सपाटीपेक्षा इथे पाऊस जास्त, आणि वाऱ्याने तो तिरपा येतो. गिऱ्हाईक मग भोकात पोते कोंबते. पाणी थांबते, पण धूरही घरातच राहतो आणि चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या डोळ्यांत नि छातीत जातो. गॅस आलेल्या घरी एक्झॉस्ट पंखा असतो. तिथे पाणी विजेच्या मोटारीवर पडते, म्हणजे जिवाशीच गाठ.

हे काम आपल्या हुनरवाल्यांचे आहे. चुलीच्या नळीवर प्लास्टिकची तयार टोपी उष्णतेने वाकते, तिथे गॅल्व्हनाइज्ड पत्राच हवा. पण टोपी अंदाजाने कापू नये. नळी ६ इंच व्यासाची असेल तर नळीचे तोंड आणि टोपी यांत निदान दीड इंच फट लागते. तेवढ्या फटीचे क्षेत्रफळ बरोबर नळीच्या तोंडाइतके भरते. त्याहून कमी ठेवली की धूर कोंडतो. काजळी साचते म्हणून ३ इंच ठेवलेली बरी. आता पाऊस ४५ अंशांत तिरपा आला, तर ३ इंच खाली येईपर्यंत तो ३ इंच आत सरकतो. म्हणून टोपी चहूकडून ३ इंच बाहेर, म्हणजे १२ इंच व्यासाची हवी. पत्रा वाचवायला ८ इंचांची टोपी लावणारे कारागीर पत्रा वाचवतात नि गिऱ्हाईक घालवतात. टोपीची कड थोडी खाली वळवावी, म्हणजे पाणी कडेवरूनच ठिबकते.

खरे सांगायचे तर निम्म्या तक्रारींत टोपीचा दोष नसतोच. पाणी नळीच्या बाहेरून, छपराच्या सांध्यातून उतरते. नळीभोवतीच्या पत्र्याच्या पट्टीची वरची कड वरच्या कवेलूंच्या खाली गेली पाहिजे आणि खालची कड खालच्या कवेलूंवर आली पाहिजे. चारही कडा वरून ठेवून डांबर फासले, तर उन्हाळ्यात ते तडकते आणि पुढल्या पावसात पुन्हा गळते. टिनाच्या छपरात स्क्रू नालीत नव्हे, उंचवट्यावर मारावा.

भिंतीतून आडवी काढलेली नळी बाहेरच्या बाजूला किंचित उतरती ठेवावी. तोंड खाली वळवावे, जमल्यास पावसाळी वाऱ्याच्या आडोशाला. पंखा बंद होताच आपोआप पडणारी हलकी झडप फार उपयोगी. बारीक जाळी मात्र लावू नका. तेलाच्या वाफेने महिन्या-दोन महिन्यांत बुजते. पाखरांसाठी अर्ध्या इंचाची जाळी पुरते.

आणखी एक गोष्ट आधी विचारून घ्यावी. कोरड्या थंडीतही थेंब पडतात का? पडत असतील तर तो पाऊस नाही, गार नळीत वाफेचे झालेले पाणी आहे. त्यावर नवी टोपी विकणे म्हणजे लबाडी.

गिऱ्हाईक पहिल्या सरीनंतर धावते, तेव्हा ओल्या कवेलूंवर चढणे धोक्याचे असते. कारागिराने मे महिन्यातच मापे घ्यावीत, टोपी आणि सांधा यांचा भाव एकत्र सांगावा आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर एक फुकट फेरी मारून यावे.