मिरचीचा आकार आणि मिरचीची नावे

गतवर्षी वसतिगृहाच्या कोठीत वर्षभराची मिरची भरली जात असताना सातवीतील एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, भोपळी मिरची तिखट नसते, मग तिला मिरची का म्हणायचे?" विज्ञान हा माझा विषय नव्हे. परंतु प्रश्न नावाचा होता, आणि नावांना इतिहास असतो. तेव्हा दिलेले उत्तर अपुरे होते. ते येथे पूर्ण करण्याचा प्रयत्न करतो.

आपल्याकडील मिरच्यांची बरीच नावे आकारावरून पडलेली आहेत. लवंगेसारखी बारीक व आखूड ती लवंगी; भोपळ्यासारखी फुगीर, खाचा असलेली ती भोपळी किंवा ढोबळी. कर्नाटकातील ब्याडगी हे नाव गावाचे, परंतु तिच्या पोटात दोन नावे आहेत : काडीसारखी सडपातळ ती 'कड्डी' आणि आखूड, जाडसर ती 'डब्बी'. गुंटूरच्या प्रसिद्ध मिरचीला तेलुगू भाषिक 'सन्नम' म्हणतात, म्हणजे बारीक. तमिळनाडूत गोल मिरची 'गुंडू' होते, तर गुजरातेत बोराएवढी गोल मिरची 'बोरिया'. (संकेश्वरी, भिवापुरी ही नावे निव्वळ गावांची, त्यांचा विचार येथे नाही.)

हा आपल्याच लोकांचा स्वभाव आहे असे समजू नये. मेक्सिको हे मिरचीचे माहेर. तेथे एका गोल वाळक्या मिरचीला 'कास्काबेल' म्हणतात, म्हणजे घुंगरू. कारण हलवली की आतल्या बिया वाजतात. चपट्या, रुंद मिरचीला 'आंचो', म्हणजे नुसतेच 'रुंद'. जपानी माणसाला एका टोकदार मिरचीत ससाण्याची नखी दिसली आणि दुसरीच्या चेपलेल्या टोकात सिंहाचे तोंड. चिनी भाषेत फुगीर मिरचीला 'कंदील मिरची' म्हणतात, तर झाडावर वर तोंड करून वाढणारीला 'आकाशाकडे पाहणारी'. कॅरिबियन बेटांवरील जहाल 'स्कॉच बॉनेट' ही स्कॉटलंडच्या टोपीसारखी दिसते म्हणून तसे नाव पावली. हजारो मैलांवरच्या, एकमेकांना कधी न भेटलेल्या शेतकऱ्यांनी एकच युक्ती वापरली : वस्तूकडे पाहायचे आणि घरातल्या ओळखीच्या वस्तूचे नाव तिला द्यायचे.

विद्वानांची गोष्ट मात्र वेगळी झाली. कोलंबस 1492 साली मिऱ्यांच्या शोधात निघाला आणि त्याच्या हाती मिरची लागली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ती भारतात आणली. त्यापूर्वी आपल्या स्वयंपाकात तिखटपणासाठी मिरे आणि पिंपळी होती. 'मिरची' हा शब्दही मिऱ्याच्या 'मरिच' या संस्कृत नावावरून आलेला आहे. ज्या ठेच्याशिवाय आपली भाकरी पुरी होत नाही, तो अजिंठ्याची लेणी कोरणाऱ्यांना ठाऊक नव्हता, हे विद्यार्थ्यांना सांगितले की त्यांचा विश्वास बसत नाही. जर्मन वैद्य लेओनहार्ट फुक्स याने 1542 च्या आपल्या ग्रंथात मिरचीची सुंदर चित्रे छापली, पण तिला कालिकतचे मिरे ठरवले. त्यातील एका जातीला 'लांब' आणि दुसरीला 'रुंद' असे म्हटले. म्हणजे आरंभी विद्वानही आकारावरच होते.

1753 मध्ये लिनियसने 'कॅप्सिकम' या वंशनावाखाली मिरचीच्या दोन जाती नोंदवल्या. हा शब्द बहुधा 'काप्सा' या लॅटिन शब्दावरून आला आहे. त्याचा अर्थ पेटी. कानडी शेतकऱ्याची 'डब्बी' आणि युरोपीय पंडिताची 'पेटी' एकच निघावी, याची मला मोठी मौज वाटते. 1776 मध्ये जाक्विनने एका अमेरिकी मिरचीला चीनची समजून 'चिनेन्से' नाव दिले. चूक उघड झाली तरी ते नाव आजही टिकून आहे. 1898 मध्ये अमेरिकेतील आयरिश या अभ्यासकाने चेरीसारखी, शंकूसारखी, लांब, फुगीर, घोसाने लागणारी असे फळाच्या रूपावरून गट पाडले आणि काही काळ तीच व्यवस्था प्रमाण मानली गेली.

ती पुढे मागे पडली, कारण आकार कुळ सांगत नाही. लागवडीतील मिरचीच्या जाती आज पाच मानल्या जातात आणि त्या प्रामुख्याने फुलांवरून व बियांवरून ओळखल्या जातात. एका जातीची फुले जांभळी आणि बिया काळ्या असतात. भोपळी, ब्याडगी आणि सन्नम या तिघी दिसायला इतक्या निराळ्या, पण जात एकच. आकारावरून तिखटपणाही ठरत नाही. तिखट द्रव्य आतल्या पांढऱ्या शिरांत तयार होते आणि भोपळी मिरचीत एका जनुकातील बदलामुळे ते तयारच होत नाही. त्या मुलीला द्यायचे उत्तर हेच : भोपळी ही मिरचीच, केवळ तिखटाविना.

मग आकारावरची नावे टिकली कशी? कारण ती कामाची आहेत. रानटी मिरची इवलीशी आणि ताठ उभी असते; पक्ष्यांना तिखट जाणवत नाही, ते ती खातात व बी दूरवर टाकतात. माणसाने मात्र जाड गराची फळे भाजीसाठी निवडली आणि पातळ सालीची वाळवणासाठी. भोपळी उन्हात टाकली तर सुकण्याआधी सडते. सन्नम खळ्यावर वाळते. नाव ऐकताच पीक कसे हाताळायचे ते कळते.

माझी आई विदर्भातील एका मिरची सातऱ्यावर देठ खुडण्याच्या कामाला जात असे. मजुरी वजनावर मिळे. संध्याकाळी हातांची इतकी आग होई की ती भाकरी थापण्याआधी पाण्यात हात बुडवून बराच वेळ बसे. तिला अक्षरओळख नव्हती. परंतु ढिगातून हात फिरवताच आखूड, लांब, सुरकुतलेली, पोकळ अशी वेगवेगळी मिरची ती न पाहता बाजूला काढी आणि प्रत्येकीला तिचे नाव असे. व्यापारी त्या निवडीवर भाव ठरवी. निवडणारीची मजुरी मात्र मालाच्या भावाप्रमाणे कधी वाढली नाही. एम. ए. झाल्यावर पुष्कळ वर्षांनी मी आयरिशच्या गटांविषयी वाचले. त्यातील बहुतेक गट मला आईच्या ढिगांवरून आधीच माहीत होते.

यंदा कोठीत मिरची भरताना सातवीच्या मुलांना मी प्रत्येक पोत्यातील मूठभर मिरची कागदावर मांडायला लावली आणि नावे त्यांनाच द्यायला सांगितली. एकाने वाकड्या मिरचीला 'विळा' म्हटले. ते नाव आता कोठीच्या वहीत आहे.