बाजारहाट

महाराष्ट्रातील व गोव्यातील अनेक गावांत आठवड्याचा एक वार बाजारासाठी नेमलेला असतो. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार असाच प्रसिद्ध आहे. बाजाराच्या दिवशी आसपासच्या खेड्यांतून भाजीपाला, धान्य, कडधान्ये, गूळ असा नाना प्रकारचा माल येतो. पुष्कळ ठिकाणी मजुरांच्या हाती आठवड्याची मजुरीही याच दिवशी पडते, आणि तीतूनच सात दिवसांचे अन्न घ्यावयाचे असते. म्हणून थोड्या पैशांत चांगला जिन्नस कसा मिळवावा, हा नुसत्या काटकसरीचा प्रश्न नाही. घरातील मुलांच्या ताटात काय पडणार, हे त्यावर ठरते.

स्वस्ताईचे पहिले कारण म्हणजे हंगाम. थंडीच्या दिवसांत मटार, मेथी व गाजरे यांची आवक वाढते आणि भाव उतरतात. तीच भाजी अवेळी घेऊ गेल्यास दुप्पट दाम मोजावे लागतात, आणि तिला चवही बेताचीच असते. नवी तूर पौष-माघात बाजारात येऊ लागते. नवा गहू व रब्बीची ज्वारी फाल्गुन-चैत्रात येते. जाणती माणसे त्या सुमारास धान्याला ऊन दाखवून वर्षाची बेगमी करतात, ती याच कारणाने.

दुसरे कारण वेळेचे. सकाळी माल ताजा असतो व निवडीला वाव असतो, म्हणून भाव चढा असतो. दिवस कलू लागला की पालेभाजी सुकू लागते. ती परत नेण्याचा खर्च विक्रेत्याला परवडत नाही, म्हणून बाजार उठताना भाव पडतो. त्याच रात्री शिजवावयाची भाजी अशा वेळी घेणे फायद्याचे ठरते. चार दिवस ठेवावयाची भाजी मात्र सकाळीच घ्यावी.

परंतु भाव कमी दिसला म्हणजे माल स्वस्त झाला, असे नाही. समजा, चारशे ग्रॅम गुळाची पुडी ४४ रुपयांस मिळते आणि शेजारच्या दुकानात सुटा गूळ ९५ रुपये किलो आहे. पुडीची किंमत लहान दिसते. पण हिशेब केला तर तो गूळ ११० रुपये किलो पडतो. म्हणून तुलना नेहमी एकाच मापाने करावी. ‘दोनांवर एक फुकट’ अशी पाटी दिसली तरी तिसरा नग घरात खपणार आहे काय, हे आधी पाहावे. जो सडून जाईल, तो फुकट मिळूनही उपयोगाचा नाही.

मापाकडेही लक्ष असावे. १९५८ सालापासून आपल्या देशात शेर व छटाक यांच्या जागी किलोग्रॅम व ग्रॅम येऊ लागले. व्यापाऱ्यांची वजने व काटे सरकारी निरीक्षक ठरावीक मुदतीने तपासून त्यांवर मोहोर उमटवतात. मोहोर नसलेले वजन किंवा दगड वापरणे हा गुन्हा आहे. विजेच्या काट्यावर माल ठेवण्यापूर्वी शून्य आकडा दिसतो की नाही, हे पाहण्यात संकोच कसला?

मालाची पारख ही त्याहून अवघड गोष्ट. दिसते तसे नसते, म्हणून जग फसते. पिवळाधमक गूळ डोळ्यांत भरतो; पण तो रंग पुष्कळदा रसायनांनी आणलेला असतो. रसायनांवाचून केलेला गूळ बहुधा काळपट तांबूस असतो. रासायनिक खते व औषधे न वापरता पिकवलेल्या धान्याला सेंद्रिय धान्य म्हणतात. ते बंद पुडीत घेताना ‘जैविक भारत’ हे चिन्ह पाहावे. सुटे घेताना पिकवणाऱ्यालाच विचारावे. कोणते खत घातले, कीड कशी आवरली, हे तो सांगू शकतो.

अशी गाठ पडणे अलीकडे शहरांतही शक्य झाले आहे. २०१६ साली महाराष्ट्र शासनाने फळे व भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मुक्त केला आणि संत सावता माळी यांच्या नावाने शेतकऱ्यांचे आठवडे बाजार सुरू केले. मधल्या हातांची संख्या घटली, की गिऱ्हाइकाला माल स्वस्त पडतो आणि शेतकऱ्यालाही चार पैसे अधिक मिळतात.

मात्र घासाघीस करताना एक मर्यादा पाळावी. मेथीची जुडी हाती येण्यापूर्वी कोणीतरी महिनाभर तिला पाणी दिलेले असते, पहाटे उठून ती उपटलेली असते आणि डोक्यावरून किंवा गाडीतून बाजारात आणलेली असते. तिच्या भावातून काढणी व वाहतूकही सुटली नाही, तर शेतकरी पुढच्या खेपेस ते पीक घेत नाही. मग आवक घटते आणि भाव पुन्हा चढतो. अशा रीतीने आज अति ताणून पाडलेला भाव उद्या गिऱ्हाइकालाच महाग पडतो. मापात चोख राहावे, मालात डोळस असावे आणि कष्टाचे मोल द्यावे. चांगला बाजारहाट तो हाच.