एक खून, दोन पिते आणि एक दुभंगलेला देश

समाजात तेढ निर्माण करणाऱ्या प्रश्नावर बोलताना आपण बहुधा आपलीच बाजू मांडतो. समोरच्याचे दुःख ऐकून घेण्याची आपली तयारी नसते. अ‍ॅलन पेटन (१९०३-१९८८) या दक्षिण आफ्रिकी लेखकाने 'क्राय, द बिलव्हेड कंट्री' या कादंबरीत वर्णभेदाच्या प्रश्नाच्या अनेक बाजू ऐकवल्या आहेत.

पेटन १९३५ पासून १९४८ पर्यंत जोहान्सबर्गजवळच्या डीपक्लूफ येथील कृष्णवर्णीय मुलांच्या सुधारगृहाचे प्रमुख होते. गुन्हेगार ठरलेला मुलगा कोणत्या परिस्थितीतून येतो, हे त्यांनी जवळून पाहिले होते. कादंबरी १९४८ साली प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी नॅशनल पार्टी सत्तेवर आली आणि वंशविभाजन हे सरकारी धोरण बनले.

कथानायक स्टीफन कुमालो हे खेड्यातील वृद्ध कृष्णवर्णीय अँग्लिकन धर्मगुरू. बहिणीच्या व मुलाच्या शोधात ते जोहान्सबर्गला जातात. मुलगा अ‍ॅबसलोम सापडतो, तो तुरुंगात! घरफोडीच्या वेळी भयापोटी त्याने गोळी झाडलेली असते. तिला बळी पडतो आर्थर जार्विस, कृष्णवर्णीयांच्या न्यायासाठी झटणारा गोरा तरुण. आर्थरचे वडील कुमालोंच्याच गावालगतचे श्रीमंत शेतकरी असतात.

दोष कोणाचा? भयभीत गोरे नागरिक अधिक पोलीस मागतात. काही जण शिक्षणाचा, तर काही वेगळ्या वसाहतींचा आग्रह धरतात. कुमालोंचा भाऊ जॉन चर्चकडे पाठ फिरवून राजकारणात शिरलेला आहे. सोन्याच्या खाणी कृष्णवर्णीयांच्या श्रमावर चालतात, हे त्याचे म्हणणे खरे आहे. परंतु स्वतःच्या मुलाला वाचवताना तो पुतण्याला वाऱ्यावर सोडतो. न्यायालयात खरे बोलणाऱ्या अ‍ॅबसलोमला फाशी होते आणि नाकबूल करणारे दोन साथीदार सुटतात.

आर्थरचे लेख त्याच्या मूळ प्रश्नाकडे बोट दाखवतात. १९१३ च्या जमीन कायद्याने बहुसंख्य कृष्णवर्णीयांच्या वाट्याला देशाची सुमारे ७ टक्केच जमीन ठेवली होती. नापीक माती तरुणांना शहराकडे ढकलत होती आणि कुटुंबे मोडत होती. मृत मुलाचे हे लेख वाचताना थोरल्या जार्विसांना आपला मुलगा प्रथमच उमगतो. पुढे कुमालो थरथरत त्यांच्यापुढे उभे राहतात आणि खुनी आपलाच मुलगा असल्याचे सांगतात. जार्विस सूडाची भाषा बोलत नाहीत. उलट गावातील मुलांसाठी दूध पाठवतात, शेतीचे मार्गदर्शन आणि नव्या चर्चची व्यवस्था करतात.

या कादंबरीवर टीकाही झाली. गोऱ्या जमीनदाराच्या दयाळूपणाने अन्यायाची रचना बदलत नाही, असा आक्षेप घेतला गेला. तो रास्त आहे. दूध मिळाले तरी जमीन मिळत नाही. पेटन यांनीही गावातल्या तरुण कृषिमार्गदर्शकाच्या तोंडून हीच अस्वस्थता व्यक्त केली आहे. दक्षिण आफ्रिकेत सर्व वर्णांच्या नागरिकांना समान मतदानाचा हक्क मिळण्यास १९९४ साल उजाडावे लागले.

क्षमा ही न्यायाला पर्याय नव्हे, हे या कथेतून उमगते. मात्र ज्याने आपले सर्वस्व हिरावले त्याच्या पित्याचे दुःख ओळखल्याशिवाय न्यायाच्या वाटेवर पहिले पाऊल पडत नाही. आपल्या गावात, आपल्या धर्मग्रामात दोन तट पडतात तेव्हा पलीकडच्या तटावरील पित्याचे म्हणणे आपण ऐकलेले असते काय?