वागणंही शिकवावं लागतं

‘नीट वागा’ हे सहावी ते आठवीच्या मुलांना सतत ऐकावं लागतं. पण नीट म्हणजे नेमकं कसं, हे क्वचितच कुणी करून दाखवतं. या वयात मेंदूचा भावनांना प्रतिसाद देणारा भाग जोरात असतो, तर आवर घालणारा कपाळामागचा भाग पंचविशीपर्यंत घडत राहतो. त्यात मित्रांची भर. गार्डनर आणि स्टाइनबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, संगणकावर गाडी चालवताना १३ ते १६ वर्षांच्या मुलांनी एकट्यापेक्षा मित्रांसमोर जास्त धोके पत्करले. म्हणून नियम पाठ असून भागत नाही. चारचौघांत तो पाळण्याचा सराव लागतो.

अमेरिकेत ऑरेगन विद्यापीठात सुगाई आणि हॉर्नर यांनी रुजवलेली पद्धत याच पायावर उभी आहे. शाळेनं तीन ते पाच अपेक्षा ठरवायच्या, त्याही ‘हे करू नका’ नव्हे, ‘असं करा’ अशा शब्दांत. मग जागेनुसार त्या उलगडायच्या. पाण्याच्या नळापाशी ‘आदर’ म्हणजे काय? रांगेत कुणी घुसलं, तर ढकलण्याऐवजी ‘मी आधी आलोय, माझ्यानंतर तू घे,’ असं शांतपणे सांगायचं. बाईंनी हे नळापाशीच करून दाखवावं, मुलांनी जोडीनं करून पाहावं. जमलं की नुसतं ‘शाब्बास’ पुरत नाही; ‘आवाज न चढवता बोललास’ असं नेमकं सांगावं.

जूनमध्ये एकदा शिकवून थांबू नये. दिवाळीच्या सुट्टीनंतर उजळणी हवीच.